यकृतच औषध संपवतं तेव्हा

यकृताच्या कर्करोगाचे नवे रुग्ण २०२२ मध्ये जगभरात सुमारे पावणेनऊ लाख होते, ते २०५० पर्यंत पंधरा लाखांवर जातील, हा ‘लॅन्सेट’ आयोगाचा इशारा एव्हाना सगळ्यांनी वाचला आहे. मग उपाय काय, या चर्चेत जनुकं चालू-बंद करणाऱ्या एपिजेनेटिक औषधांचं नाव निघतंच. मला त्यांचं कौतुक आहे, भरवसा मात्र बेताचा.

कौतुकाचं कारण जुनं आहे. १९६४ मध्ये प्रागमध्ये तयार झालेलं अ‍ॅझासायटिडिन सत्तरच्या दशकात संशोधक पीटर जोन्स यांनी उंदराच्या भ्रूणापासून वाढवलेल्या पेशींना दिलं. काही दिवसांनी बशीतल्या पेशी चक्क आकुंचन पावू लागल्या. त्यांचे स्नायू झाले होते! १९८० मध्ये जोन्स आणि शर्ली टेलर यांनी त्याचा उलगडा केला: औषधाने डीएनएवरचे मेथिल गट घटवले होते, जनुकांची अक्षरं जिथल्या तिथे होती. कर्करोगाच्या पेशी नेमके हेच मेथिल गट लावून वाढीला लगाम घालणारी जनुकं गप्प करतात. ते काढले की लगाम परत, असा हिशेब.

रक्ताच्या विकारांत तो जमलाही. २००४ मध्ये अमेरिकेत अ‍ॅझासायटिडिनला मान्यता मिळाली. यकृतात मात्र गाडी अडली. या औषधाचा चुराडा करणारं सायटिडिन डीअमिनेज हे विकर यकृतातच भरपूर असतं. ज्याला वाचवायचं, तेच औषध संपवतं. त्याला चकवण्यासाठी बनवलेलं ग्वाडेसिटाबिनही यकृताच्या कर्करोगात मान्यतेपर्यंत पोचलं नाही. दुसऱ्या जातीचं एपिजेनेटिक औषध रेस्मिनोस्टॅट हे यकृताच्या कर्करोगावरच्या सोराफेनिब या नेहमीच्या औषधाच्या जोडीला देऊन पाहिलं. आशियातल्या चाचणीत रुग्णांचं आयुष्य त्याने वाढलं नाही. शिवाय ही औषधं एका खोलीतला दिवा लावण्यासाठी अख्ख्या इमारतीची बटणं दाबतात. नको ती जनुकंही जागी होतात.

म्हणून मला ओटीएक्स-२००२ या प्रायोगिक औषधाची कल्पना जास्त भावली. इथे मेथिल गट काढायचे नाहीत, उलट एमवायसी या एकाच उपद्रवी जनुकावर लावायचे. त्यासाठीचा संदेश मेदाच्या सूक्ष्म कणांतून जातो, आणि हे कण शिरेतून दिले की आपसूकच यकृतात गोळा होतात. औषध गिळणाऱ्या अवयवाची भूक इथे कामी आली म्हणायची. माणसांवरची चाचणी २०२२ मध्ये सुरू झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते बनवणाऱ्या ओमेगा थेराप्युटिक्स या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. प्रयोगशाळेतल्या यशाच्या बातम्या वाचताना हा शेवटही माहीत असलेला बरा.

तरीही पैज लावायचीच तर मी गाठ झाल्यानंतरच्या औषधावर लावणार नाही. ट्यून थेराप्युटिक्स या कंपनीने याच तंत्राने, यकृताच्या कर्करोगाचं मोठं कारण असलेल्या हिपॅटायटिस बीच्या विषाणूचा डीएनए गप्प करण्याची चाचणी सुरू केली आहे. हा विषाणू स्वतःचे तुकडे आपल्या जनुकांत घुसवतो, आणि नेहमीच्या गोळ्या ते काढू शकत नाहीत. भारतात याची लस देशभरच्या सरकारी लसीकरणात आली २०११ च्या सुमारास. त्याआधी जन्मलेल्यांपैकी ज्यांच्या शरीरात हा विषाणू वर्षानुवर्षं मुक्कामाला आहे, त्यांना लसीचा आता काहीच उपयोग नाही. या चाचणीचा झाला तर होईल.