मिक्स्ड रिॲलिटी गेम करताय? चाचणी पहिल्याच आठवड्यात घ्या

विद्यार्थ्यांची टीम मिक्स्ड रिॲलिटी गेम करायला घेते, तेव्हा चाचणी हमखास शेवटच्या आठवड्यावर ढकलली जाते. खरं तर ती पहिल्याच आठवड्यात सुरू व्हायला हवी, कारण इथे अर्धी लेव्हल खेळणाऱ्याच्या खोलीतच असते. ऑक्टोबर 2023 मध्ये आलेल्या क्वेस्ट 3 या हेडसेटमध्ये रंगीत कॅमेऱ्यांच्या जोडीला अंतर मोजणारा सेन्सर आहे. भिंती, टेबल त्याला कळतात. आरसा, काच आणि अंधार यांच्यापुढे मात्र हेडसेट अडखळतो. मोकळ्या लॅबमध्ये छान उसळणारा आभासी चेंडू भरलेल्या दिवाणखान्यात सोफ्यामागे जाऊन अडकतो. कोड कितीही वाचला तरी हे दिसत नाही. हेडसेट दुसऱ्याच्या डोक्यावर चढला की लगेच दिसतं.

“अजून दाखवण्यासारखं काही नाही,” असं टीम म्हणते. पण सुरुवातीला साधे ठोकळेही पुरतात, कारण तपासायचा असतो तो खेळ, सजावट नव्हे. “इतकी माणसं आणायची कुठून?” हा आक्षेपही टिकत नाही. वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नीलसन यांनी 2000 मध्येच मांडलं होतं, की चाचणीच्या एका फेरीला पाच जण पुरतात. सुधारणा करून पुन्हा चाचणी घेणं जास्त महत्त्वाचं. मिक्स्ड रिॲलिटीत मात्र माणसांबरोबर खोलीही बदला. बुटकी, उंच, चष्मेवाली, बसून खेळणारी माणसं बोलवा. खेळ चालू असताना सूचना देऊ नका. हात कुठे थबकतो, मान कुठे वळते, ते टिपून घ्या. पुढचा बदल त्या नोंदींवरूनच ठरवा.