आधी तक्ता, मग थेंब

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातल्या नेत्रतपासणीच्या खोलीत पाहण्यासारखं फारसं काही नसतं. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, समोर स्टूल, टेबलावर भिंगांची पेटी, बॅटरी आणि कोपऱ्यात स्लिट लॅम्प. पाहावा तो तिथला क्रम. डोळा तपासताना काय आधी आणि काय नंतर, याला फार महत्त्व आहे, कारण एक तपासणी दुसरीचा पुरावा पुसून टाकू शकते. बॅटरीचा झोत आधी मारला तर डोळा दिपतो आणि तक्ता नीट वाचता येत नाही. बाहुली मोठी करणारा थेंब आधी घातला तर बाहुलीची तपासणी त्या दिवसापुरती संपलीच.

म्हणून सुरुवात नजरेपासून. याला अपवाद एकच आणि तो आपल्याकडे वरचेवर दाराशी येतो. तंबाखूच्या चुन्याची पुडी दाबता दाबता फुटते आणि चुना पोराच्या डोळ्यात उडतो. अशा वेळी तक्ता, केसपेपर, नाव-गाव सगळं बाजूला. आधी डोळा धुवायचा, भरपूर पाण्याने, पापणी उलटून आत अडकलेले कण काढत. चुना बुबुळ जाळत असतो, त्यामुळे नजर किती हे नंतर पाहिलं तरी चालतं.

तक्ता हा डच डॉक्टर हर्मान स्नेलेन यांचा. १८६२ साली उट्रेख्टमध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला. त्यामागचं गणित नेटकं आहे. निरोगी डोळ्याला सहा मीटरवरून जी ओळ वाचता यावी, तिच्यातलं अक्षर डोळ्याशी पाच कला एवढा कोन करतं. एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. अक्षराची रेघ एका कलेची. हिशेब केला तर ते अक्षर जेमतेम पावणेनऊ मिलिमीटर उंच भरतं आणि सगळ्यात वरचं त्याच्या दसपट. सहा मीटर लांब खोली सरकारी इमारतीत क्वचितच मिळते. मग तक्ता रुग्णाच्या डोक्यामागे टांगतात आणि तीन मीटरवरच्या आरशात तो वाचायला लावतात. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांच्यासाठी इंग्रजी ‘ई’चा तक्ता असतो. त्याची पाती कोणत्या दिशेला आहेत ते हाताने दाखवायचं. शेतावर राबलेल्या आजीबाई हे मोठ्या हुशारीने करतात.

उजवा डोळा आधी, डावा नंतर. झाकायचा तो तळहाताने, बोटांनी नाही. बोटांच्या फटीतून माणूस बघतोच, तेही लबाडी म्हणून नव्हे, नापास होऊ नये म्हणून. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी ओळ उलटी वाचायला सांगतात, कारण पहिल्यांदा वाचलेली पाठ झालेली असते.

नजर कमी निघाली की भिंगांच्या पेटीतली सगळ्यात साधी चकती बाहेर येते. तिला भिंगच नसतं, मधोमध मिलिमीटरभराचं छिद्र असतं. त्यातून पाहिल्यावर दोन ओळी जास्त वाचता आल्या तर दोष बहुधा चष्म्याचा. काहीच फरक पडला नाही तर शोध पुढे न्यायचा. ‘कॉम्प्युटरवर डोळे तपासून मिळतील’ अशी पाटी लावणाऱ्या दुकानातलं यंत्र चष्म्याचा आकडा झटकन काढतं, पण नजर का कमी आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. लहान मुलांच्या बाबतीत तर तो आकडाही फसवा निघतो. मूल जवळचं पाहिल्यासारखा डोळ्यावर ताण देतं आणि वजा नंबर फुगतो.

सगळ्यात वरचं अक्षरही दिसलं नाही तर बोटं मोजायला लावतात, मग हाताची हालचाल आणि शेवटी फक्त उजेड. मोतीबिंदू पूर्ण पिकलेल्या माणसाला बॅटरी वर, खाली, डावीकडे, उजवीकडे धरून ‘बाबा, उजेड कुठून येतोय?’ असं विचारतात. चारही दिशा बरोबर सांगितल्या तर आतला पडदा काम करत असावा आणि ऑपरेशनचा उपयोग व्हावा, असा अंदाज बांधता येतो.

यानंतर बॅटरी. रांजणवाडी, लाली, बुबुळावरचं फूल, वाढलेलं मांस हे सगळं क्षणात दिसतं. नाकाशेजारचा कोपरा दाबून अश्रूपिशवीतून पू येत नाही ना, हे मोतीबिंदूच्या रुग्णात आवर्जून पाहतात. पण बॅटरीची खरी करामत बाहुल्यांवर. खोलीत अंधार करून झोत एका डोळ्यावर दोन-तीन सेकंद धरायचा आणि पटकन दुसऱ्यावर न्यायचा. दोन्ही बाहुल्या एका तारेने बांधल्यासारख्या असतात. उजेड एकीवर पडला तरी आकसतात दोघी. झोत निरोगी डोळ्यावरून आजारी डोळ्यावर नेला आणि उजेडातही ती बाहुली आकसण्याऐवजी पसरली, तर दृष्टीचेता किंवा पडद्याचा मोठा भाग बिघडलेला आहे. मोतीबिंदू कितीही पिकलेला असो, त्याने हा दोष येत नाही. पाच सेकंदांची ही तपासणी, पण गर्दीच्या दिवशी सगळ्यात आधी तीच वगळली जाते. मग मोतीबिंदू निघतो, भिंग उत्तम बसतं आणि नजर मात्र येत नाही. त्यानंतर नातेवाइकांना समजावताना जो वेळ जातो, तो पाच सेकंदांहून बराच जास्त असतो.

स्लिट लॅम्पची मूळ कल्पना स्वीडनच्या आल्वार गुलस्ट्रान्ड यांची, १९११ सालची. उजेडाची बारीक फट डोळ्यात तिरकी सोडायची आणि सूक्ष्मदर्शकातून डोळ्याचे थर उभ्या छेदात पाहायचे. याच यंत्रावर डोळ्याचा दाब मोजतात. बर्नच्या हान्स गोल्डमान यांनी केलेलं दाबमापक अजूनही प्रमाण मानलं जातं. डोळा बधिर करून पिवळा रंग लावतात आणि निळ्या उजेडात एक छोटा शंकू बुबुळाला टेकवतात. तपासणाऱ्याला दोन हिरवी अर्धवर्तुळं दिसतात, एक वर, एक खाली. त्यांच्या आतल्या कडा एकमेकींना नेमक्या चिकटेपर्यंत चकती फिरवायची. त्या क्षणी ३.०६ मिलिमीटर व्यासाचा बुबुळाचा तुकडा सपाट झालेला असतो. हे माप मुद्दाम निवडलेलं आहे. शंकूला ओढणारा अश्रूंचा ताण आणि विरोध करणारा बुबुळाचा ताठपणा इथे एकमेकांना छेद देतात आणि लागलेल्या ग्रॅमांना दहाने गुणलं की पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये दाब मिळतो. साधारण १० ते २१ ठीक. अर्थात २१च्या आतही काचबिंदू असू शकतो.

आता थेंब. त्याआधी शेवटची एक खात्री. बॅटरी कानाच्या बाजूने आडवी धरली आणि बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याच्या नाकाकडच्या भागावर सावली पडली, तर आतली जागा अरुंद आहे. अशा डोळ्यात बाहुली मोठी केली तर दाब एकाएकी चढू शकतो.

डोळ्याच्या आत पाहण्याची सोय जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ साली जगापुढे आणली. तोवर बाहुली काळीच का दिसते हे कोडंच होतं. पाहणारा स्वतःच आपल्या डोक्याने उजेड अडवतो, हे त्याचं उत्तर निघालं आणि त्यावर उपाय म्हणून त्यांनी तिरकी काच योजली. थेट पाहण्याच्या आजच्या दुर्बिणीतून पडदा सुमारे पंधरापट मोठा दिसतो. चेतेची चकती, तिच्यातला खळगा, रक्तवाहिन्या, सगळं समोर येतं. मधुमेहात पडद्यावर रक्ताचे बारीक ठिपके उमटलेले असतात आणि माणूस तरीही तक्त्याची शेवटची ओळ न अडखळता वाचतो. म्हणूनच नजर ६/६ असली तरी मधुमेहाच्या रुग्णाला थेंब घालून बसवून ठेवतात. त्यानंतर चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं, उन्हात डोळे उघडवत नाहीत आणि गाडी चालवता येत नाही. हे तारीख देतानाच सांगायला हवं, पण बहुतेकांना ते थेंब पडल्यावर कळतं, तेही मोटारसायकलची किल्ली हातात असताना.