टायफॉइड: ताप उतरला तरी गोळ्या का थांबवायच्या नाहीत?

पावसाळ्यात अलिबाग, उरण, मुरूडच्या किनाऱ्यावर ताप आला की घरोघरी टायफॉइडची शंका येते. दूषित पाणी-अन्नातून पसरणारा हा आजार म्हणजे जुन्या लोकांचा ‘मुदतीचा ताप’.

शरीरात काय घडते?

साल्मोनेला टायफी हा जिवाणू आतड्याच्या भिंतीतून आत शिरतो. मॅक्रोफेज या भक्षक पेशी त्याला गिळतात, पण तो त्यांच्याच आत वाढतो. यकृत, प्लीहा, अस्थिमज्जेपर्यंत पोहोचतो. त्याच्यावरील ‘व्हीआय’ या शर्करेच्या आवरणामुळे प्रतिकारशक्तीला तो उशिरा ओळखू येतो. म्हणून लक्षणे दिसायला ६ ते ३० दिवस लागतात.

पुढे टी-पेशी मॅक्रोफेजना बळ देतात आणि लपलेले जिवाणू मरू लागतात. अँटिबायोटिक अर्धवट सोडल्यास उरलेले पुन्हा डोके वर काढतात. काहींच्या पित्ताशयात ते वर्षानुवर्षेही राहतात.

लस काय करते?

टायफॉइड एकदा झाला म्हणून पुन्हा होत नाही, असे नाही. कॉन्जुगेट लस ‘व्हीआय’ आवरण आधीच ओळखायला शिकवते. शेजारच्या नवी मुंबईत महापालिकेने २०१८ मध्ये ९ महिने ते १४ वर्षांच्या लाखाहून अधिक मुलांना ती दिली.

थोडक्यात: पाणी उकळून प्या, लसीबाबत डॉक्टरांना विचारा आणि कोर्स पूर्ण करा.