पुरस्कार आणि आपण (भाग ५) : मानपत्र वाचलं का?

शांततेच्या पुरस्काराची चर्चा ओझरला करायची म्हणजे जरा गंमतच. १९६२च्या युद्धानंतर इथे लढाऊ विमानांचा कारखाना आला आणि गावाला 'ओझर मिग' हे नाव चिकटलं. लढाई कशानं होते हे इथल्या माणसांना शिकवायला नको. भांडण मिटलं की नाही हे कसं ओळखायचं, तेही ओझरनं बघितलेलं आहे. वाघाड धरणाच्या कालव्यावर वरचे शेतकरी भिजवणार आणि टेलचे कोरडे राहणार, हा जुना तंटा. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्रानं पाणीवापर संस्था उभ्या केल्या आणि पाणी मोजून वाटलं जाऊ लागलं. अशा कामात समझोत्याच्या दिवशी कुणी कितीही हार घातले तरी खरा निकाल पुढच्या आवर्तनात लागतो. टेलला पाणी पोचलं का, एवढंच बघायचं असतं.

नेत्याला शांतता पुरस्कार मिळाला की आपण मात्र हारांवरच थांबतो. निम्मे लोक फटाके लावतात, निम्मे जुनी प्रकरणं उकरून काढतात.

२०१८चा सोल शांतता पुरस्कार नरेंद्र मोदींना जाहीर झाला तेव्हा हेच झालं. १९८८च्या सोल ऑलिंपिकची आठवण म्हणून १९९०पासून दिला जाणारा हा पुरस्कार त्याआधी कोफी अन्नान आणि अँगेला मर्केल यांनाही मिळाला होता. समर्थकांना अभिमान वाटला, विरोधकांना २००२चं गुजरात आठवलं. २२ फेब्रुवारी २०१९ रोजी मोदींनी सोलमध्ये तो स्वीकारला. पुलवामा होऊन आठ दिवस झाले होते आणि बालाकोटला चार दिवस होते, त्यामुळे मूळ प्रश्न वाहूनच गेला.

तो प्रश्न होता मानपत्राचा. निवड समितीनं नुसतं परराष्ट्र धोरण गौरवलं नव्हतं. मोदींच्या आर्थिक धोरणांमुळे गरीब-श्रीमंतांमधली दरी कमी झाली, असं म्हटलं होतं आणि भ्रष्टाचाराविरुद्धच्या उपायांमध्ये नोटाबंदीचंही कौतुक केलं होतं. शांतता पुरस्काराच्या कारणांत नोटाबंदी! इथे खरी चर्चा करता आली असती, कारण हा दावा तपासता येतो. रद्द झालेल्या नोटांपैकी ९९.३ टक्के बँकांत परत आल्याचं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०१८मध्ये, म्हणजे पुरस्कार जाहीर होण्याआधीच, सांगितलं होतं. ज्यांनी नोव्हेंबर २०१६मध्ये बाजार समितीत माल नेला, त्यांच्याकडे तर स्वतःचा हिशेब होता. समर्थकांनाही आपली आकडेवारी मांडता आली असती. माणूस थोर की वाईट या वादाला शेवट नसतो. दावा खरा की खोटा या वादात निदान कागद पुढे येतात.

नामांकनाच्या बातम्यांनी मात्र हुरळूनही जाऊ नये आणि चिडूही नये. नोबेलसाठी कोणत्याही देशाच्या संसदेचा सदस्य नाव सुचवू शकतो. म्हणजे आपले दिंडोरीचे खासदारसुद्धा. जून २०२५मध्ये पाकिस्तान सरकारनं ट्रम्प यांचं नाव सुचवल्याची घोषणा केली, तेव्हा आपल्याकडे जो संताप झाला तो जरा जास्तच होता.

पुरस्कार दिला गेला की मग काय करायचं? परत घ्या म्हणून ओरडण्यात फारसा अर्थ नाही, नोबेलच्या नियमांत ती सोयच नाही. १९७५मध्ये व्हिएतनाममधलं सायगाव पडल्यावर खुद्द १९७३चे विजेते किसिंजर यांनी पदक परत करू पाहिलं, तर समितीनं घेतलं नाही. पण पदकाचं ओझं विजेत्याच्या खांद्यावर ठेवता येतं. इथिओपियाचे अबी अहमद यांना २०१९मध्ये एरिट्रियाशी समेट केल्याबद्दल नोबेल मिळालं आणि नोव्हेंबर २०२०मध्ये त्यांच्याच देशात तिग्रेचं युद्ध पेटलं. जानेवारी २०२२मध्ये नोबेल समितीनं जाहीरपणे सांगितलं, की पंतप्रधान आणि पुरस्कारविजेते या दोन्ही नात्यांनी युद्ध थांबवण्याची खास जबाबदारी तुमची आहे. समिती सहसा विजेत्यांना असं बोलत नाही. युद्ध त्यानं थांबलं नाही, करार नोव्हेंबरमध्ये झाला. तरी मला हा मार्ग पटतो. पुरस्कार रद्द करा म्हणणाऱ्याला हाकलता येतं. पुरस्काराला जागा म्हणणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं.

सोलच्या पुरस्काराचे दोन लाख डॉलर मोदींनी 'नमामि गंगे'ला दिले. चांगलं केलं. त्या पैशातून नेमकं कुठलं काम झालं, हे माहितीच्या अधिकारात विचारणं भक्तालाही शोभेल आणि विरोधकालाही.

पुढच्या आठवड्यात : ले डुक थो. किसिंजर यांच्याबरोबर १९७३चं नोबेल जाहीर झालं आणि व्हिएतनाममध्ये शांतता आलेलीच नाही, असं सांगून ज्यानं ते नाकारलं, तो माणूस.