रात्री अडीचला कुणाशी बोलायचं?
नाशिकहून परळचं टाटा रुग्णालय पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. कर्करोग अंगभर पसरलेल्या माणसाला नुसतं मन मोकळं करायला तिथवर नेणं क्रूरच. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' सेवा (१० ऑक्टोबर २०२२ पासून, क्रमांक १४४१६) मोफत, चोवीस तास आणि मराठीतही मिळते. ती खास कर्करोगासाठी नाही. पण रात्री अडीचला जीव घाबरा झालेल्या रुग्णाला चालते, तशीच उशाशी जागणाऱ्या बायकोलाही. मात्र आधी दुखणं आवरायला हवं. कळा सोसणारा बोलणार काय? नेमके इथेच ऑनलाइन डॉक्टरांचे हात बांधलेले: मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार तीव्र वेदनांवरचं मॉर्फिन व्हिडिओ कॉलवर लिहून देता येत नाही. आणि टेलि-मानसला फोन लावाल तेव्हा खोली रिकामी करा. पोरांसमोर रुग्ण 'बरंय' एवढंच म्हणेल.