उजव्या हाताला दर्या, डाव्या हाताला जंगल

सुट्टी लागली की मुंबई, मुंब्रा, पनवेल आणि पुण्याकडची आपली कुटुंबे गावाकडे निघतात. कोणी मुरूडला, कोणी राजपुरीला, कोणी म्हसळा-श्रीवर्धनला. सामानाने भरलेली गाडी, बंद काचा आणि मागच्या सीटवर मोबाईलमध्ये मान घातलेली मुले. गावात उतरल्यावर त्यांना विचारावे, वाटेत कुठली खाडी लागली? कुठल्या डोंगरात जंगल दाट होते? बहुतेक मुलांना सांगता येत नाही. ज्या किनाऱ्यावर त्यांच्या आज्या-पणज्यांची हयात गेली, तो त्यांनी फक्त गाडीच्या काचेतून पाहिलेला असतो.

वर्गात भूगोल शिकवताना आम्हाला हे वारंवार जाणवते. म्हणून आम्ही काही शिक्षक, माजी विद्यार्थी आणि त्यांच्या घरची माणसे हिवाळ्यात मांडवा ते मुरूड आणि मुरूड ते रोहा असा फेरा सायकलने करतो. किनारा आणि अरण्य दोन्ही दाखवणारी ही वाट आपल्या उंबरठ्यापासून फार लांब नाही, आणि ती पार करायला कोणी पहिलवान असावे लागत नाही. वाचक बंधू-भगिनींना तिची ओळख करून द्यावी म्हणून हा लेख.

किनाऱ्याची वाट

मुंबईकरांसाठी सुरुवात भाऊच्या धक्क्यावरून. तिथून मांडव्याला जाणारी रो-रो बोट २०२० मध्ये सुरू झाली. तिच्यातून सायकल नेता येते, त्यामुळे महामार्गाची वर्दळ टळते. सुमारे तासाभरात मांडवा. तिथून चोंढीमार्गे अलिबाग सुमारे २० किलोमीटर. या टप्प्यावर शनिवार-रविवारी गाड्यांची रीघ असते, म्हणून शक्यतो आठवड्याच्या मधला दिवस निवडावा.

अलिबाग सोडले की आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा हा सुमारे १७ किलोमीटरचा टप्पा लागतो. रस्ता सपाट, दोन्ही बाजूंना नारळ-सुपारीच्या वाड्या, आणि सकाळी छान सावली. पहिल्यांदाच लांब सायकल चालवणाऱ्या कुटुंबाने एवढाच टप्पा करून परत फिरावे. तेही कमी नाही. चौल हे जुने बंदर. रशियन प्रवासी अफानासी निकितिन पंधराव्या शतकात इथेच उतरला होता. पुढे रेवदंड्यात रस्ता थेट पोर्तुगीजांच्या किल्ल्याच्या तटबंदीतून जातो. गाडीतून ही तटबंदी क्षणात मागे पडते. सायकलवरून तिच्या दगडांत उगवलेले पिंपळसुद्धा दिसतात.

रेवदंड्याला कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडला की साळाव. इथे कारखान्याची अवजड वाहने असतात, तेव्हा सर्वांनी एकामागोमाग एका रांगेत चालावे. मग उजवीकडे समुद्रात घुसलेला कोर्लईचा डोंगर आणि त्यावरचा किल्ला दिसू लागतो. पायथ्याच्या गावात आजही पोर्तुगीजमधून घडलेली एक बोली बोलली जाते. भाषा शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांना तर इथे थांबल्याशिवाय पुढे जाववत नाही.

कोर्लईपासून मुरूडपर्यंत या वाटेचा सर्वांत देखणा भाग आहे. बोर्ली, बारशिव, काशीद, नांदगाव अशी गावे मागे पडत जातात. उजव्या हाताला दर्या, डाव्या हाताला फणसाडचे डोंगर. मध्ये छोटे चढ-उतार आहेत. चढावर सायकल हाताने ढकलण्यात कमीपणा मानू नये. उतारावर मात्र दोन्ही ब्रेक मिळून हळूहळू दाबावेत. मुरूड जवळ आले की टेकडीवर नवाबांचा राजवाडा दिसतो. ती खासगी मालमत्ता आहे, ती बाहेरूनच पाहावी. अलिबागपासून इथपर्यंतचे अंतर सुमारे ५० किलोमीटर भरते.

या दिशेने जाण्याचे आणखी एक कारण आहे. हिवाळ्यात दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो तो साधारण वायव्येकडून. दक्षिणेकडे जाणाऱ्याला तो पाठीवर घेतो. उलट दिशेने येणाऱ्याला तोच वारा तोंडावर झेलावा लागतो. जुन्या शिडाच्या गलबतांवर काम केलेल्या घरांना वाऱ्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

नवाबांचे शिकाररान, शेकरूचे घर

मुरूडला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी जंजिरा पाहावा. राजपुरीच्या धक्क्यावरून होड्या सुटतात. जवळच खोकरीचे दगडी घुमट आहेत. सिद्दी सरदारांच्या त्या कबरी फार थोडे लोक पाहतात.

जंजिरा संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले. त्याआधी फणसाडचे रान नवाबांचे राखीव शिकाररान होते. १९८६ मध्ये ते अभयारण्य म्हणून जाहीर झाले. आज ते ५० चौरस किलोमीटरांहून मोठे आहे. एकेकाळी शिकारीसाठी राखले म्हणून कुऱ्हाडीपासून वाचले, आणि त्यामुळेच पुढे प्राण्यांसाठी राखता आले, असा हा इतिहासातला योग.

इथल्या पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात. ‘फणसाडचे गाण’ यावरूनच अभयारण्याला नाव मिळाले. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू इथल्या उंच झाडांवर राहतो. गारंबीचा अजस्र वेल आणि त्याच्या हातभर लांब शेंगा मुले डोळे विस्फारून पाहतात. बिबट्याही आहे, पण तो सहसा दिसत नाही.

अभयारण्याचे प्रवेशद्वार सुपेगावला आहे. आत जाण्यासाठी वनखात्याची परवानगी घ्यावी लागते, आणि आतल्या पायवाटा चालण्यासाठी आहेत. आम्ही सायकली गावात ठेवून, वाटाड्या बरोबर घेऊन जातो.

सायकलवरूनच जंगल अनुभवायचे असेल तर मुरूडहून केळघरमार्गे रोह्याचा रस्ता धरावा. फजरची नमाज झाली, उजाडले की निघावे. घाटाचा चढ दमवतो, पण झाडांची सावली सोबत असते. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे पाखरांचे बोल ऐकू येतात. रोह्याला रेल्वे स्थानक आहे. गाडीत सायकल कशी न्यायची, याची चौकशी निघण्यापूर्वीच करून ठेवावी.

जंगलाच्या रस्त्यावर काही पथ्ये पाळावीत. अंधार पडल्यावर तिथे थांबू नये. वानरांना खाऊ घालू नये. मोबाईलवर गाणी लावू नयेत. बिस्किटाच्या पुड्याचा कागदसुद्धा खिशात घालून परत आणावा.

मुलींची सायकल कुठे जाते?

आता थोडे मनातले. मानव विकास कार्यक्रमातून अनेक तालुक्यांतल्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली मिळतात. आठवी ते बारावी त्या रोज सायकल चालवतात, दप्तर आणि पाण्याची बाटली सांभाळत चढही चढतात. बारावी संपते आणि सायकल पडवीत भिंतीला टेकते. तिचा भाऊ मोटारसायकल घेतो. ती मात्र यापुढे कुठेही जाताना कोणीतरी नेण्याची वाट पाहते.

तिचे पाय तेच, रस्ताही तोच. बदलते ती घराची परवानगी. सहलीचा बेत ठरवताना अब्बा आणि भाई यांच्याबरोबर अम्मी, आपा, भाभी यांचीही सायकल मोजावी. आमच्या फेऱ्यात चाळिशी ओलांडलेल्या भगिनीही असतात. वीस वर्षांनी सायकलवर बसलेली बाई पहिल्या दोन किलोमीटरांत घाबरते. नागावपर्यंत ती पुढे गेलेली असते.

पोशाखाचा प्रश्न येतो, त्यावर साधे उपाय आहेत. मधला दांडा नसलेली सायकल घ्यावी आणि चेनवर पूर्ण झाकण बसवून घ्यावे. मागच्या चाकाला जाळी लावावी म्हणजे ओढणीचे टोक किंवा बुरख्याचा घेर अडकत नाही. ओढणीला पिन लावावी. हेल्मेट सर्वांना सक्तीचे. ते स्कार्फवर नीट बसते, फक्त पट्टा आधी घरी जुळवून घ्यावा.

तयारी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा योग्य काळ. निघण्यापूर्वी महिनाभर आठवड्यातून तीन वेळा ८-१० किलोमीटर चालवावी. मुंबईतल्यांना बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान सरावाला उत्तम. तिथला कान्हेरी लेण्यांचा रस्ता जंगलातून चढत जातो. सीटची उंची अशी ठेवावी की पेडल खाली असताना गुडघा किंचितच वाकेल. सोबत पंप, पंक्चरचे सामान, जास्तीची ट्यूब आणि मागे लाल दिवा असावा. तहान लागण्याआधीच पाणी प्यावे. वाटेत शहाळी आणि कोकम सरबत मिळते. मुरूडला पोहोचल्यावर तांदळाची भाकरी आणि माशाचे कालवण समोर आले की थकवा कुठल्या कुठे जातो.

हा रस्ता बदलणार आहे

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्याच्या वाड्या झोपवल्या. काशीदची कितीतरी सुरूची झाडे पडली. लोकांनी पुन्हा रोपे लावली, पण माड मोठा व्हायला वर्षे लागतात.

आता रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाची योजना आहे. खाड्यांवर पूल होतील. आजारी माणसाला दवाखान्यात लवकर नेता येईल, कॉलेजच्या मुलांचा फेरा वाचेल, हा मोठाच फायदा आहे. मात्र रस्ता रुंद झाला की गाड्यांचा वेग वाढतो. शाळेत जाणारी मुलगी, मासळी विकायला निघालेली कोळीण आणि जंगलातून रस्ता ओलांडणारे जनावर यांची जागा त्याच डांबरावर असते. म्हणून आराखडा ठरत असतानाच सायकलीसाठी कडेची पट्टी आणि अभयारण्याच्या आसपास वेगमर्यादा मागायला हवी. गावी गेल्यावर ग्रामसभेत हा विषय काढता येतो. ज्याने ती वाट सायकलने केली आहे त्याला कुठे वळण अरुंद आहे, कुठे कडा खचली आहे, हे बोटाने दाखवता येईल.

येत्या हिवाळ्यात पडवीतली सायकल खाली घ्या, चेनला तेल द्या आणि अलिबाग ते रेवदंडा एवढे १७ किलोमीटर तरी मुलामुलींसह जाऊन या. पुढच्या खेपेला तो रस्ता त्यांनाच विचारा.