शेतात राखते, पोटात अडवते

सातपुड्यातील मोलगी परिसरात डोंगरउतारावर भगर, ज्वारी, मका पिकतो. जोराच्या पावसात या शेतांतून ओढ्याला गढूळ पाणी येते, तेव्हा जमिनीचे कोठारच वाहून जात असते. हे कोठार म्हणजे चिकणमातीतील खनिजे.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसॉल्ट खडक झिजून दख्खनची काळी माती बनली. चिकणमातीचे कण ०.००२ मिलिमीटरहून बारीक असतात. काळ्या मातीतील त्यांचे प्रमुख खनिज मॉन्टमोरिलोनाइट. त्याच्या पापुद्र्यांवर ऋण विद्युतभार असल्याने कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम असे धनभारित घटक त्याला धरून राहतात. पावसाने ते सहज धुपत नाहीत आणि मुळांना लागतील तसे मिळतात. उतारावरची माती मुळातच उथळ आणि मुरमाड. तिथे चिकण भाग थोडा, म्हणून अधिक मोलाचा. उताराला आडवी पेरणी, दगडी बांध आणि शेणखत यांनी तो राखता येतो.

मातीचा हाच गुण पोटात मात्र घातक ठरतो. काही गरोदर स्त्रिया आणि लहान मुले माती खातात. ही निव्वळ वाईट खोड नव्हे. अनेकदा ते शरीरात लोह कमी असल्याचे लक्षण असते. पण काही प्रकारची चिकणमाती आतड्यात अन्नातील लोह धरून ठेवते आणि ते रक्तात जाऊ देत नाही. रक्तक्षय वाढतो, मातीची ओढही वाढते. मातीसोबत जंतांची अंडी पोटात जातात, ती वेगळीच.

म्हणून माती खाणाऱ्याला रागावू नये, त्याचे रक्त तपासावे. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर तो रक्तक्षय होय. नंदुरबारसारख्या आदिवासी भागात सिकलसेलची तपासणीही हवी; तिथे रक्त कमी होण्याचे कारण दर वेळी लोहाची कमतरता नसते. गरोदर स्त्रियांना चौथ्या महिन्यापासून १८० दिवस लोह व फॉलिक ॲसिडची गोळी सरकारी केंद्रात मोफत मिळते. ती चहासोबत घेऊ नये. चहादेखील लोह अडवतो. मुलांना जंतांचे औषध वेळेवर द्यावे.

चिकणमाती शेतात टिकली, तर पीक पोसते. तिची जागा तिथेच आहे, ताटात नाही.